शेलमधल्या चाचण्या तपासताना मी काय पाहतो

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही काही जण मिळून एक लहानसा प्रोग्राम सांभाळतो. कापूस किंवा सोयाबीन काट्यावर आले की वजन, ओलावा आणि शेतकऱ्याचा गट क्रमांक त्यात भरला जातो आणि त्यातून हिशेबपट्टी तयार होते. हा प्रोग्राम कमांड लाइनवर चालतो आणि त्याच्या चाचण्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शेल हा कमांड चालवणारा प्रोग्राम वाचतो अशा फाइलमध्ये, लिहिलेल्या आहेत. कोणी नवी चाचणी लिहिली किंवा जुनी बदलली, की ती मुख्य प्रतीत घेण्यापूर्वी वाचून पाहण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते. वाचताना मी दोन प्रश्न विचारतो: ज्याने ही चाचणी लिहिलेली नाही त्याला ती नापास झाल्यावर कारण कळेल का, आणि लिहिणाऱ्याच्या यंत्राखेरीज इतरांच्या यंत्रांवरही ती तशीच चालेल का. वाचनीयता आणि पोर्टेबिलिटी असे हे दोन वेगळे विषय मानले जातात, पण तपासताना दोहोंचे मूळ बहुधा एकच सापडते. लिहिणाऱ्याने काहीतरी गृहीत धरलेले असते आणि ते स्क्रिप्टमध्ये कुठेही लिहिलेले नसते.

आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे, कारण यंत्रे एकसारखी नाहीत. कंपनीच्या कार्यालयातल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. चाचण्या लिहिणारी बरीच मुले-मुली महाविद्यालयात शिकतात आणि त्यांच्यापाशी स्वतःचा संगणक नाही, त्यामुळे ती अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनल अ‍ॅप घेऊन त्यातच स्क्रिप्ट लिहितात आणि चालवून पाहतात. नागपूरला नोकरी करणारा आमचा एक सहकारी मॅक वापरतो. डेबियनवर आणि टर्मक्समध्ये 'एसएच' या नावाने चालणारे शेल म्हणजे डॅश. मॅकवर त्याच नावामागे बॅशची ३.२ ही २००६ सालची आवृत्ती असते, आणि २०१९ पासून मॅकचे टर्मिनल उघडल्यावर समोर येणारे शेल मात्र झेडशेल असते. टर्मक्स उघडल्यावर समोर येते ते बॅश. म्हणजे एकाच फोनवर हाताने टाइप केलेली ओळ एका शेलमध्ये चालते आणि स्क्रिप्टमधली तीच ओळ दुसऱ्यात.

एका विद्यार्थिनीची चाचणी मी परत पाठवली तेव्हा तिने विचारले, "भाऊ, माह्या फोनवर तं चालून राहिलं, मंग हाफिसात काऊन नाई चालत?" तिने तुलना करताना एकेरी चौकटी कंसात दुहेरी बरोबरचे चिन्ह वापरले होते. बॅशला ते समजते, डॅशला समजत नाही. फोनवर तिने स्क्रिप्ट 'बॅश' असे लिहून चालवली होती आणि कार्यालयातल्या यंत्रावर ती 'एसएच'ने चालवली गेली. तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर थोडे जुन्या इतिहासात आहे. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले. बॅश १९८९ मध्ये आले आणि त्याने त्यात पुष्कळ सोयी वाढवल्या. शेलने किमान काय समजलेच पाहिजे हे १९९२ मध्ये पॉझिक्स मानकात नोंदले गेले. लिनक्सवर दीर्घकाळ 'एसएच' म्हणजे बॅशच असल्यामुळे मानकात कोणते आणि बॅशचे स्वतःचे कोणते हा भेद लोकांच्या लक्षात राहिला नाही. २००६ मध्ये उबुंटूने आणि २०११ मध्ये डेबियनने 'एसएच'च्या जागी हलकेफुलके आणि वेगवान डॅश आणले, तेव्हा हा विसरलेला भेद अनेक स्क्रिप्टमधून एकदम वर आला.

दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, 'सोर्स' ही कमांड, 'फंक्शन' हा शब्द लिहून केलेली फंक्शनची व्याख्या, या सगळ्या बॅशच्या खुणा मी स्वतः शोधत बसत नाही. शेलचेक आणि चेकबॅशिझम्स ही साधने ते काम माझ्यापेक्षा चांगले करतात आणि नेटवर्क नसतानाही चालतात. चाचणी पाठवण्यापूर्वी ती या साधनांतून काढावी एवढीच माझी विनंती असते. माणसाने वाचायचे ते जे या साधनांना दिसत नाही त्यासाठी.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे खोटे पास होणे. समजा, एका चाचणीत तीन ओळी आहेत. पहिली नमुन्याची फाइल तयार करते, दुसरी प्रोग्राम चालवून आउटपुट फाइलमध्ये घेते आणि तिसरी त्या फाइलमध्ये ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने एकूण रकमेची ओळ शोधते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी && हे चिन्ह (आधीची कमांड यशस्वी झाली तरच पुढची चालवणारे) राहून गेले आणि प्रोग्राम एकूण रक्कम छापून झाल्यावर एरर देऊन थांबला, तरी ग्रेपला हवी ती ओळ सापडते आणि चाचणी पास होते. शेल शेवटच्या कमांडचा निकालच पूर्ण चाचणीचा निकाल मानते. म्हणून चाचणीतली प्रत्येक ओळ && ने पुढच्या ओळीशी बांधलेली असावी, हा आमच्याकडचा नियम मी सर्वांत कडकपणे पाळायला सांगतो असे म्हटले तरी चालेल. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई', म्हणजे कमांड अपयशी ठरली की तिथेच थांबण्याची सूचना, लिहिली की झाले, असे काही जण सुचवतात. पण एखादे फंक्शन 'इफ'च्या अटीत किंवा && च्या डाव्या बाजूला चालवले, की त्याच्या आत 'सेट -ई' निष्प्रभ ठरते, आणि चाचण्या चालवणारे आमचे फंक्शन प्रत्येक चाचणी नेमकी 'इफ'च्या अटीतच चालवते.

पाइपचेही, म्हणजे एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देण्याचेही, असेच आहे. प्रोग्रामचे आउटपुट थेट ग्रेपकडे किंवा सॉर्टकडे पाइपने पाठवले, तर पाइपच्या डाव्या बाजूला प्रोग्राम कोसळला तरी निकाल उजव्या बाजूचाच धरला जातो. यावरचा 'पाइपफेल' हा उपाय पॉझिक्स मानकात २०२४ च्या आवृत्तीत आला आहे, पण आमच्याकडच्या जुन्या यंत्रांवरच्या डॅशला तो ठाऊक नाही. त्यामुळे आउटपुट आधी फाइलमध्ये घ्यावे आणि मग ती फाइल तपासावी, असेच मी सांगतो. एक ओळ वाढते, पण चाचणी नापास झाल्यावर ती फाइल पाहायलाही मिळते.

याहून फसवे उदाहरण नकाराचे आहे. 'चुकीचा ओलावा दिल्यास प्रोग्रामने एरर द्यावी' हे तपासण्यासाठी कमांडच्या आधी उद्गारचिन्ह लावले जाते, म्हणजे कमांड अपयशी ठरली की चाचणी पास. पण अपयशाचे प्रकार अनेक असतात. प्रोग्रामचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले तर शेल १२७ हा निकाल देते, आणि प्रोग्राम सिग्नलने मारला गेला तर १२८ पेक्षा मोठा आकडा येतो. उद्गारचिन्हाला हे सगळे सारखेच. प्रोग्राम यंत्रावर नसला तरी अशी चाचणी आनंदाने पास होते. म्हणून आमच्याकडे एक छोटे फंक्शन आहे, त्याला अपेक्षित निकालाचा आकडा द्यावा लागतो आणि नेमका तोच आकडा आला तरच ते समाधानी होते. ग्रेपसारख्या यंत्रावरच्या साध्या साधनांसाठी उद्गारचिन्ह चालते, कारण तपासणी त्यांची नसते.

नापास झालेली चाचणी काय सांगते, हे मी त्यानंतर पाहतो. दोन मजकूर सारखे आहेत का हे 'टेस्ट' कमांडने तपासले, तर नापास झाल्यावर ती काहीच बोलत नाही. त्याऐवजी अपेक्षित मजकूर एका फाइलमध्ये आणि मिळालेला मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून 'डिफ -यू' चालवले, तर नेमकी कोणती ओळ वेगळी आली हे पडद्यावर येते. आमच्या गावांत नापास चाचणीची बातमी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर, पडद्याच्या फोटोच्या रूपाने येते. त्या फोटोत जे दिसेल तेवढ्यावरच कारण ओळखायचे असते, कारण ते यंत्र माझ्यासमोर नसते आणि भारनियमनाच्या वेळी ते चालूही नसते.

चाचणीच्या नावालाही म्हणूनच महत्त्व आहे. 'ओलावा चाचणी २' या नावावरून काहीही कळत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण दर मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर कमी होत जातो आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. हा नियम चाचणीच्या नावातच यायला हवा: 'ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास आवक नाकारली जाते'. असे नाव वाचले की शेल न जाणणारा, पण काट्यावर वर्षानुवर्षे बसणारा माणूसही सांगू शकतो की नियम बरोबर लिहिला आहे की नाही. आमची चाचण्यांची नावे मराठीत असावीत असा माझा आग्रह त्यासाठीच आहे. व्हेरिएबलची नावे मात्र रोमन अक्षरांतच ठेवावी लागतात, कारण पॉझिक्स शेलला दुसरी चालत नाहीत.

अपेक्षित आकडा चाचणीत सरळ लिहावा. १२.५० क्विंटल वजन आणि ७,००० रुपये दर असेल तर ८७,५०० रुपये हा आकडा हाताने काढून लिहिलेला असावा. चाचणीतच पुन्हा सूत्र मांडून तो काढला, तर प्रोग्राममधली चूक सूत्राबरोबर चाचणीतही येते आणि दोघे मिळून चुकीच्या उत्तरावर एकमत करतात. शिवाय मानक शेलच्या गणितात दशांश नसतात. झेडशेल ते स्वीकारते, बॅश आणि डॅश एरर देतात, त्यामुळे मॅकच्या टर्मिनलवर करून पाहिलेला हिशेब स्क्रिप्टमध्ये उतरवला की अडकतो.

आता ज्या उदाहरणावर आमच्यात सर्वांत जास्त चर्चा झाली ते सांगतो, कारण ते इंग्रजीतल्या कोणत्याही यादीत सहसा सापडत नाही आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला भेटण्यासारखे आहे. सातबाऱ्यावरून उतरवलेला गट क्रमांक अनेकदा देवनागरी अंकांत येतो आणि प्रोग्रामला तो इंग्रजी अंकांत लागतो. एका चाचणीत नमुन्याची माहिती तयार करताना हे रूपांतर 'टीआर' या कमांडने केले होते: देवनागरी शून्य ते नऊ हा पट्टा द्यायचा आणि त्याच्या जागी इंग्रजी शून्य ते नऊ हा पट्टा मागायचा. वाचायला ते अत्यंत सुबक दिसते आणि मॅकवर बरोबर चालते. लिनक्सवरचे ग्नू 'टीआर' मात्र अक्षराचा नाही, बाइटचा विचार करते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटचा असतो. त्यामुळे प्रत्येक अंकाच्या जागी तीन इंग्रजी अंक येतात आणि गट क्रमांक ४५ चा ९९६९९७ होतो. कोणतीही एरर येत नाही. अक्षरांचा कचरा दिसला असता तर कोणाच्याही लक्षात आले असते, पण इथे दिसतो तो एक व्यवस्थित सहा अंकी आकडा, आणि तो गट क्रमांक म्हणून पुढे जातो.

पहिला पर्यायी प्रस्ताव सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या 'वाय' या आज्ञेचा आला, तीही एका यादीतले अक्षर दुसऱ्या यादीतल्या अक्षराने बदलते. लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांबाबत यंत्रावर केलेली निवड, यूटीएफ-८ असताना ती बरोबर चालते. पण लोकेल 'सी', म्हणजे नुसते बाइट पाहणारे, असेल, तर सेडला एका बाजूला तीस आणि दुसऱ्या बाजूला दहा बाइट दिसतात आणि दोन्ही याद्यांची लांबी सारखी नाही अशी तक्रार करून ते थांबते. निदान थांबते, ही 'टीआर'पेक्षा बरी गोष्ट. आमच्या चाचण्या मात्र मुद्दाम 'सी' लोकेलमध्ये चालतात, कारण तसे न केल्यास सॉर्टचा क्रम यंत्रागणिक बदलतो. शेवटी आम्ही सेडच्या दहा साध्या बदलांवर आलो: प्रत्येक अंकाला एक ओळ, देवनागरी अंक शोधायचा आणि त्याच्या जागी इंग्रजी अंक लिहायचा. तीन बाइटची ठरावीक साखळी शोधून तिच्या जागी एक बाइट ठेवणे एवढेच त्यात घडते, त्यासाठी लोकेल कोणतेही असले तरी फरक पडत नाही. दहा ओळी लांबलचक वाटतात हे खरे आहे. पण त्या एका फंक्शनमध्ये बंद आहेत आणि त्यावर 'टीआर' का वापरले नाही हे सांगणारी टीप आहे. ती टीप नसती तर पुढच्या वर्षी कोणीतरी चांगल्या हेतूने त्या दहा ओळींच्या जागी पुन्हा एक ओळ आणली असती. कमांड काय करते हे सांगणारी टीप मी बहुतेक वेळा काढायला लावतो, आणि सोपा दिसणारा मार्ग का सोडला हे सांगणारी टीप नसेल तर मागून घेतो.

ग्नू (लिनक्सवरच्या) आणि बीएसडी (मॅकवरच्या) घराण्यांच्या साधनांमधले इतर फरक तुलनेने सरळ आहेत. फाइल जागच्या जागी बदलणारे 'सेड -आय' लिनक्सवर जसे लिहितात तसे मॅकवर चालत नाही, म्हणून नवी फाइल लिहून तिचे नाव बदलावे. मजकूर छापणाऱ्या 'इको'ला उलटी तिरकी रेघ किंवा '-एन' दिले की डॅश, बॅश आणि मॅकचे 'एसएच' एकमेकांशी सहमत होत नाहीत, म्हणून 'प्रिंटएफ' वापरावे. मॅकवरचे ओळी मोजणारे 'डब्ल्यूसी -एल' आकड्याआधी रिकाम्या जागा सोडते, त्यामुळे ते अवतरणचिन्हांत घालून मजकूर म्हणून तुलना केली तर ३ आणि ३ जुळत नाहीत. तसे पाहता ओळी मोजण्यापेक्षा पूर्ण फाइलच डिफने तपासलेली मला जास्त आवडते.

तारखांबाबत माझे मत पक्के आहे: चाचणीत आजची तारीख येऊच नये. 'पैसे जमा होण्याची तारीख' काढण्यासाठी 'डेट -डी' वापरले तर ते मॅकवर अडते, पण खरी अडचण ती नाही. महिनाअखेरीला किंवा लीप वर्षात जी चाचणी वेगळी वागते ती कोणालाच नीट तपासता येत नाही. ठरावीक तारीख लिहावी आणि वेळेचा पट्टाही ठरवून द्यावा. पॉझिक्सच्या पद्धतीने भारतीय प्रमाणवेळ लिहिताना 'आयएसटी-५:३०' असे वजाचे चिन्ह लागते, कारण त्या पद्धतीत चिन्ह उलटे असते. इथे मात्र एका ओळीची टीप हवीच, अन्यथा वाचणाऱ्या प्रत्येकाला ती चूकच वाटेल.

तात्पुरत्या फाइल कुठे ठेवल्या जातात, हे मी फोनवाल्यांमुळे पाहायला शिकलो. स्क्रिप्टमध्ये '/टीएमपी' असा पत्ता थेट लिहिला तर टर्मक्समध्ये तिथे लिहिता येत नाही. टर्मक्स आपली तात्पुरती जागा 'टीएमपीडीआयआर' या व्हेरिएबलमध्ये सांगते आणि स्क्रिप्टने तेच विचारावे. एखादी चाचणी दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन काम करत असेल, तर ते काम गोल कंसात, म्हणजे उपशेलमध्ये, असावे, म्हणजे ती मध्येच नापास झाली तरी पुढची चाचणी भलत्याच फोल्डरमध्ये सुरू होत नाही. काम झाल्यावर साफसफाईसाठी 'ट्रॅप', म्हणजे स्क्रिप्ट संपताना चालणारी सूचना, लावतात तेही योग्यच आहे, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. कंट्रोल-सी दाबून स्क्रिप्ट थांबवली तर बॅश बाहेर पडतानाचा ट्रॅप चालवते, डॅश चालवत नाही, आणि लाइट गेली तर कोणतेच शेल काही चालवत नाही. जानेवारीत कृषिपंपांचा भार वाढला की आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक चाचणीने सुरुवातीलाच आपली जागा पुसून नव्याने मांडावी आणि अर्ध्यावर राहिलेली मागची फाइल सापडली तरी निकाल तोच यावा, असे मी बघतो.

हे सगळे नियम प्रत्येक स्क्रिप्टला लावावेत असे मात्र मला वाटत नाही. कार्यालयातल्या डेबियन यंत्रावर रात्री माहितीची प्रत काढून ठेवणारी आमची एक स्क्रिप्ट आहे, ती त्या एकाच यंत्रावर चालते आणि तिच्यात बॅशचे अ‍ॅरे मोकळेपणाने वापरलेले आहेत. तिथे पॉझिक्ससाठी ते अ‍ॅरे काढून टाकले तर स्क्रिप्ट वाचायला कठीण होईल आणि कोणाचाही फायदा होणार नाही. अशा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'एसएच' न लिहिता बॅशचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे आणि ती चाचण्यांच्या फोल्डरमध्ये नसावी, एवढ्या दोन अटींवर मी तिला मान्यता देतो.